गुरुवारपर्यंत

त्याचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळी वस्ती त्याला उद्याराव म्हणायची. हे बारसं केलं होतं त्याच्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं. उद्याराव शिलाई मशीन दुरुस्त करायचा. हाताला गुण असा, की त्यानं एकदा मशीन उघडून बसवलं की पुढची कैक वर्षं ते कुरकुरायचं नाव काढत नसे. पण ते बसवणार कधी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. उद्या. दुकानात मशीनवर मशीन रचलेली, आत शिरायचं तर खेकड्यासारखं आडवं व्हावं लागायचं. बाया येऊन भांडायच्या, "माझं मशीन दुरुस्तीला दिलंय की दत्तक दिलंय?" तो हसायचा, त्यांना चहा पाजायचा आणि पुन्हा उद्यावर टाकायचा.

त्या उद्यारावानं पंधरवड्यात दुकान रिकामं केलं.

एकेक मशीन दुरुस्त केलं, पुसलं, तेल घातलं आणि स्वतः हातगाडीवर घालून घरोघर पोचवलं. वस्तीत दुसरा विषय नव्हता. दाजी म्हणाले, आता नाव बदलावं लागणार, कालराव ठेवू. आणि ताईला तर आकाश ठेंगणं झालं. आईवडलांच्या मागे तिनंच त्याला वाढवलेला. लग्न केलं नाही, वेळेवर जेवत नाही, कामाला शिस्त नाही, ही तिची जुनी रड. आता निदान एक तरी गोष्ट मार्गाला लागली म्हणून ती येईल त्याला सांगत सुटली.

येणाऱ्यांना तोटा नव्हता. ताई सरकारी दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसायची. एक्स-रे कुठे, हाडाचे डॉक्टर कुठे, दाखला कोण देतं, हे सगळं तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आवाज खणखणीत, कारण ऐकणारे निम्मे बहिरे आणि उरलेले घाबरलेले. काही माणसं मात्र खिडकीशी येऊन आधी मागे वळून बघायची आणि मग हळूच म्हणायची, "ते... मनाचे डॉक्टर असतात ना, ते..." ताई त्यांनाही त्याच आवाजात सांगायची, "मानसोपचार? शेवटची खोली, दाताच्या पलीकडे. गुरुवारी या." सगळी रांग त्या माणसाकडे वळून बघायची. डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे, कारण बाकीच्या दिवशी त्यांना बाकीचे दवाखाने होते, आणि त्या खोलीत इतर वेळी लसीकरण चालायचं. यात काही वाईट आहे असं ताईला कधी वाटलं नव्हतं. वेळापत्रकच तसं होतं, आणि वेळापत्रक काही तिनं केलेलं नव्हतं.

एका शुक्रवारी शिवणकाम करणाऱ्या बाई गुडघा दाखवायला आल्या. खिडकीशी थांबून म्हणाल्या, "तुमच्या भावाचं कौतुक करावं तेवढं थोडं. मशीन घरी आणून दिलंन. वर त्याची ती हत्यारांची पेटीपण देऊन गेला."

"पेटी?"

"हो ना. म्हटलं, अहो, तुम्हाला लागेल की. तर म्हणाला, मला आता नाही लागायची."

"नवी घेणार असेल," ताई हसून म्हणाली, आणि पुढच्याला बोलावलं. पुढच्याचा दात दुखत होता. त्याला तिनं बाळंतपणाच्या वॉर्डात पाठवलं.

ती पेटी वडलांची होती. उद्याराव लहानपणी तिला झोपताना उशाशी घ्यायचा. मोठा झाल्यावरही त्यानं कधी कुणाला तिच्यातला एक स्क्रूड्रायव्हर उसना दिला नव्हता, दाजींनासुद्धा नाही, आणि त्यावरून एकदा अबोलाही झाला होता. जेवणाची सुट्टी होताच डबा तसाच ठेवून ती दुकानाकडे निघाली.

दुकान झाडून पुसून लख्ख होतं. काचसुद्धा पुसलेली. जमिनीवर मशीन होती तिथे तेलाचे डाग तेवढे राहिलेले, आणि तेही घासून फिके केलेले. उद्याराव स्टुलावर बसला होता. तिला बघून हसला, चहा ठेवला.

"एवढी कसली घाई केलीस रे?"

"लोकांची अडकून पडली होती, ताई. संपवून टाकू म्हटलं."

"मग नवीन कामं?"

"नको आता." त्यानं दुकानाची दुसरी किल्ली तिच्यापुढे ठेवली. "ही तुझ्याकडे असू दे."

आणि ताईनं काय केलं? तोंडाचा पट्टा सोडला. भिंतींना रंग दे, एवढी जागा झालीये तर एखादी पोरगी बघू का, दाजींचं पोट किती सुटलंय, शेजाऱ्यांचं कुत्रं कसं भुंकतं. सुट्टी संपेपर्यंत ती बोलत होती आणि तो मान हलवत होता. परत येताना तिच्या ध्यानात आलं, की जे बोलायला गेलो ते सोडून आपण सगळं बोललो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत ती जवळजवळ पळतच आली.

अपघात विभागातल्या सिस्टर चादरी घडी करत होत्या. त्यांची नोकरी दवाखान्याच्या रंगापेक्षा जुनी, आणि ताईशी मैत्री त्याहून थोडी अलीकडची. ताईनं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि सगळं सांगून टाकलं.

"मग विचारलंस का त्याला?" सिस्टरनी विचारलं.

"काय?"

"जीव द्यायचा विचार येतो का, ते."

ताईच्या हातातलं टोक सुटलं. "असं कसं विचारू? त्याच्या डोक्यात नसेल तर मीच घालायचे."

"तू? आजवर तुझं कुठलं म्हणणं त्याच्या डोक्यात शिरलंय? लग्न कर म्हणून किती वर्षं सांगत्येस?" सिस्टरनी टोक उचलून पुन्हा तिच्या हातात दिलं. "अगं, धूर दिसला म्हणून आग लागली का विचारलं, तर विचारण्यानं आग लागत नाही. इतकी वर्षं बघतेय मी. विचारल्यानं कुणाचं वाईट झालेलं नाही पाहिलं. विचारलं की माणसाचं ओझं जरा खाली टेकतं."

"बरं, मग विचारते की काही वेडंवाकडं नाही ना मनात."

"ते नको. ताकाला जाऊन भांडं नको लपवूस. 'नाही ना' असं विचारलंस, की तुला 'नाही' ऐकायचंय हे त्याला कळतं. मग तो तुला 'नाही' देतो आणि तू खूश होऊन घरी येतेस. सरळ विचार, याच शब्दांत. आणि तो 'हो' म्हणाला तर रडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत. ऐकायचं आणि घेऊन यायचं. मी इथेच आहे."

ताईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

उद्याराव अजून त्याच स्टुलावर होता. दुपारचा चहाचा कप त्याच जागी, वर साय धरलेली. ताई समोर जमिनीवरच बसली, कारण दुसरं स्टूलही त्यानं देऊन टाकलं होतं.

"मला एक विचारायचंय. खरं सांग. तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. रागावला नाही, दचकलाही नाही. खांदे तेवढे खाली आले.

"येतो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले. आधी अधूनमधून यायचा. आता तोच असतो."

"काही ठरवलंयस?"

त्यानं ठरवलं होतं. काय आणि कधी, ते त्यानं ताईला सांगितलं. ते इथे सांगायची गरज नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगून झालं, तेवढं पुरे. आईची शपथ ताईच्या जिभेच्या टोकावर आली होती. ती तिनं गिळली.

"का रे, पण?"

"कारण विचारशील तर काही नाही सांगता यायचं, ताई. कुणी काही बोललं नाही, काही बुडालं नाही. सकाळी डोळे उघडले की आख्खा दिवस उचलायचा असतो, आणि तो उचलतच नाही. दमलोय मी." त्यानं जमिनीवरच्या डागांकडे बघितलं. "लोकांची मशीन माझ्यामागे अडकून पडू नयेत, एवढंच वाटत होतं."

"आणि मी?"

"तुझं मशीन तर मी सगळ्यांत आधी दिलं ना."

तो हे अगदी मनापासून म्हणाला. आणि मग त्याच्या म्हणण्याचा अर्थ त्याच्याच लक्षात आला असावा, कारण त्याचा चेहरा पहिल्यांदा हलला. दोघंही रडले. सिस्टरनी सांगितलेलं तेवढं एक ताईला पाळता आलं नाही.

संध्याकाळी दोघं अपघात विभागात होते. तिथला डॉक्टर तरुण होता, माणूस चांगला होता, आणि त्याच्या टेबलाभोवती पडलेली-झडलेली सगळी दुनिया उभी होती. तरीही त्यानं पडदा ओढून उद्यारावाचं सगळं ऐकून घेतलं. मग ताईला बाजूला घेऊन म्हणाला, "यांना मानसोपचाराच्या डॉक्टरांनी बघायलाच हवं. आपल्याकडे अशा पेशंटला ठेवायला वॉर्ड नाही. जिथे आहे ते अर्ध्या दिवसाच्या बसवर, आणि तिथे जागा नाही. आत्ताच फोन करून विचारलं. डॉक्टर गुरुवारी येतात."

"आज शुक्रवार आहे," ताई म्हणाली.

"हो," तो म्हणाला. त्याला लाज वाटत होती, आणि त्याचा तर काही दोषही नव्हता.

ताईला राग आला. कुणाचा ते तिला नीट कळेना. दात दुखला तर रोज डॉक्टर. डोळा आला तर रोज. पायात काटा मोडला तरी कुणीतरी असतंच. आणि इथे माणसाला जगावंसं वाटत नाही, तर त्यानं गुरुवारी यायचं. हे उत्तर तिनं स्वतः किती जणांना दिलं होतं! त्यातले किती गुरुवारी आले, हे तिनं कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टरनं चार गोष्टी समजावल्या. एकटं सोडू नका. ज्याची भीती आहे ते घरातून बाहेर काढा. रोज विचारा. आणि हा फोन नंबर ठेवा, केव्हाही लावा, कुणीतरी बोलतं. मग गुरुवारपर्यंतचे दिवस ताईच्या घरी सुरू झाले.

दाजी शाळेची बस चालवायचे. आयुष्यभर त्यांनी मेहुण्याशी थट्टेखेरीज दुसऱ्या भाषेत बोलणं केलं नव्हतं, त्यामुळे आता त्यांची बोबडीच वळली. पहिल्या दिवशी ते नुसते त्याच्याकडे बघून खाकरत होते. सोमवारपासून त्याला बसमध्ये आपल्या मागच्या सीटवर बसवून नेऊ लागले. दोघं अवाक्षर बोलायचे नाहीत. पण दाजी आरशातून सारखे मागे बघायचे आणि बस इतकी सावकाश हाकायचे, की शाळेतून तक्रार आली.

ताई रोज सकाळी विचारायची, चहात साखर किती विचारावं तशी. "आज येतोय का विचार?" आणि तो खरं सांगायचा. "आज कमी आहे." "आज जास्त आहे." रविवारी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, जेवला नाही. ताई त्याच्या खाटेला टेकून जमिनीवर मटार सोलत बसली. मटार संपले तशी उरलेल्या सालींचे उगाच तुकडे करत बसली, पण उठली नाही. दिवेलागणीला तो म्हणाला, "तू दमशील." ती म्हणाली, "दमेन. मग दाजी बसतील."

रोजच्या प्रश्नाच्या शेवटी ती आणखी एक विचारायची. "गुरुवारपर्यंत थांबशील?"

तो जरा विचार करायचा. मग म्हणायचा, "थांबतो." त्याच्या पुढचं तो काही कबूल करायचा नाही, आणि ताईही मागायची नाही. मशीनच्या 'उद्या'चं सोडा, पण तिला दिलेला शब्द तो पाळणार, हे तिला माहीत होतं. आणि तो शब्द गुरुवारपर्यंतचाच आहे, हेही.

गुरुवारी शेवटच्या खोलीबाहेरची बाकं सकाळीच भरली. ताईनं केसपेपर खऱ्या नावानं काढला. आधी मनात आलं होतं की ओळखीनं मागच्या दारानं दाखवून घ्यावं, नोंद नको, बोभाटा नको. उद्याराव म्हणाला, "नंबरात बसतो. सगळे बसलेत." तो बाकाच्या कडेला बसला आणि ताई खिडकीत गेली. तिथून तो दिसत होता.

खिडकीतला फोन वाजला. मोठ्या साहेबांच्या ऑफिसातून होता. मानसोपचाराच्या डॉक्टरांना वरून आदेश आलाय, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात शिबिर आहे, ते आज तिकडे गेले. पेशंटना पुढच्या गुरुवारी यायला सांगा आणि पाटी लावा.

पाटी तयारच असायची, ड्रॉवरमध्ये. ताईनं ती काढली. मग उद्यारावाकडे बघितलं. तो समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत शांत बसला होता, गुरुवारपर्यंत थांबलेला. ताईनं पाटी परत ड्रॉवरमध्ये टाकली, खिडकी बंद केली आणि सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली.

मोठे साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांच्या टेबलावर दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते. "आदेश वरून आहे, बाई. मी काय करू? आणि एका आठवड्यानं काय बिघडतंय?"

"साहेब, काही जणांना आठवडाभर थांबता येणार नाही."

"कोण ते? सांगा मला. खरोखर तातडीचं कुणी असेल तर आत्ता फोन करून डॉक्टरांना परत बोलावतो, आदेश गेला उडत. पण उगीच सगळेच तातडीचे म्हणू नका. मला उत्तर द्यावं लागतं."

"चला," ताई म्हणाली. त्यांना 'चला' म्हणणारं त्या दवाखान्यात आजवर कुणी नव्हतं. बहुतेक म्हणूनच ते उठले.

ताई बाकांसमोर उभी राहिली. साहेब मागे, आणि गडबड ऐकून आलेल्या सिस्टर त्यांच्या मागे. तिनं आपल्या खिडकीतल्याच आवाजात सांगितलं, "डॉक्टर आज आलेले नाहीत. पुढच्या गुरुवारी येतील. ज्यांना तोपर्यंत थांबता येणार नाही, त्यांच्यासाठी साहेब आज बोलावून घेतील. कुणाला थांबता येणार नाही? हात वर करा."

शब्द बाहेर पडले आणि तिला चूक कळली. हे असं चारचौघांत विचारायचं असतं का? शेजारीच दाताची रांग होती, ती सगळी टक लावून बघत होती. बाकांवरची माणसं आपापल्या चपला बघू लागली. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आईला आणखी चिकटली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून पुन्हा घातली. ज्यांनी घरी बँकेत जातो म्हणून सांगितलं होतं, शेजारणीला गुडघा दाखवायचा म्हणून सांगितलं होतं, ती ही माणसं. ती हात वर करणार? सिस्टरनी डोळे मिटले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बघा," ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, उलट सुटल्यासारखं वाटत होतं. "कुणी नाही."

'माझा भाऊ आहे' हे ताईच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. तिनं त्याच्याकडे बघायचंही टाळलं.

"मला नाही थांबता येणार."

उद्यारावाचा हात वर होता. फार उंच नाही, कानाच्या थोडा वर. आवाज मात्र स्वच्छ होता, दाताच्या रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असा. त्या रांगेत त्याची निदान तीन-चार गिऱ्हाइकं होती. "मी आजपर्यंतच कबूल केलं होतं," तो म्हणाला. "पुढचा आठवडा मला एकट्याला नाही जमायचा."

मग गणवेशातल्या मुलीचा हात वर गेला. आईनं तो झटकन खाली ओढला. मुलीनं पुन्हा वर केला. आई तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनंच तो हात कोपराशी धरून ठेवला. टोपीवाल्या म्हाताऱ्यानं टोपीच वर केली. मागच्या बाकावरून एक हात आला, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाचा आला. आणि दाताच्या रांगेतून, गालाला रुमाल लावलेल्या एका बाईनं इकडे-तिकडे बघून हात वर केला आणि रांग सोडून या बाजूला येऊन उभी राहिली.

साहेबांनी खिशातून फोन काढला. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण ते चिडून म्हणाले, "आदेशाचं मी बघतो. तुम्ही त्यांना गाडीत बसवा." मग फोन खिशात ठेवून ते बाकांकडे बघत तसेच उभे राहिले, परत खोलीत जायचं त्यांना सुचेना. सिस्टर खुर्च्या आणायला गेल्या.

ताई भावाशेजारी बाकाच्या उरलेल्या टोकावर बसली. खिडकी बंद होती आणि तिच्यापुढे रांग लागली होती, पण तिला उठवेना. तिनं त्याचा हात हातात घेतला.

"घाबरलास?"

"हो."

"डॉक्टरांना यायला वेळ लागेल. लांबून येतायत."

"येऊ दे," तो म्हणाला. "मी बसलोय."